मज्जातंतूच्या टोकाला कान असतात



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. रक्तवाहिन्या, त्यांच्या भिंतीतले स्नायू आणि त्या स्नायूंवर पाझरणारी मज्जातंतूंची द्रव्ये, हा विषय वैद्यकीय महाविद्यालयाच्या चार भिंतींत शोभावा. वसंतातल्या संध्याकाळी दिवसभराच्या कामाने शिणलेल्या माणसांपुढे तो कशासाठी मांडायचा, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हटला पाहिजे. तूर्त आम्ही त्याचे उत्तर एवढेच देतो की, हा विषय तासाभरात आपल्याला कोकणात विंचू चावलेल्या मुलाच्या खाटेपर्यंत नेणार आहे, आणि वाटेत आपल्यांपैकी कित्येकांच्या खिशातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांपाशीही थांबणार आहे. दोन्ही ठिकाणी जीवनमरणाचा निकाल एका अगदी बारीक गोष्टीवर लागतो. मज्जातंतूच्या टोकाला स्वतःचे बोलणे ऐकू येते, ही ती गोष्ट होय.

प्रथम रक्तवाहिनीकडे पाहू. रोहिणी म्हणजे बागेत पाणी घालण्याची रबरी नळी, अशी आपली समजूत असते. परंतु रबरी नळी आपले तोंड आपण आवळून धरीत नाही, रोहिणी धरते. तिच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी कड्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. दंडाच्या स्नायूवर सूक्ष्मदर्शकातून जे आडवे पट्टे दिसतात ते ह्या स्नायूंवर दिसत नाहीत, आणि आपल्या इच्छेचा हुकूमही ते मानीत नाहीत. म्हणून त्यांना अनैच्छिक स्नायू म्हणतात. मोठ्या रोहिण्यांपेक्षा केसाएवढ्या बारीक रोहिण्यांत ह्यांचा अंमल अधिक चालतो. तेथे थोडासा संकोचही किती परिणाम करतो हे एका हिशेबावरून कळेल: नळीचा व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून वाहणारा द्रव निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो.

आपल्या शरीरात रक्त असते सुमारे पाच लिटर. सगळ्या बारीक रोहिण्या एकाच वेळी सताड उघडल्या, तर एवढे रक्त पुरणार नाही. माणूस उभ्या जागी घेरी येऊन पडेल. ज्या गावात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते तेथल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. नगरपालिकेचा पाणी सोडणारा माणूस पेठांपेठांतून किल्ली घेऊन फिरतो, ह्या आळीचे पाणी बंद करतो, त्या आळीचे सोडतो. जेवण झाले की पोटाकडे जास्त, जिना चढू लागलो की पायांकडे जास्त, थंडी पडली की कातडीकडे कमी, अशी व्यवस्था आपल्या शरीरात अहोरात्र चालू असते. ह्या किल्ल्या फिरवणारे जे मज्जातंतू त्यांना अनुकंपी मज्जातंतू असे नाव आहे. नाव मोठे गोड आहे, पण ह्यांचे रक्तवाहिन्यांवरचे काम बहुधा आवळण्याचेच.

हे प्रथम नजरेस आणून दिले ते पॅरिसच्या क्लोद बर्नार ह्यांनी. १८५१ च्या सुमारास त्यांनी सशाच्या मानेतला अनुकंपी तंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. त्यांचे लक्ष उष्णतेकडे होते. दुसऱ्याच वर्षी ब्राउन-सेकार ह्यांनी तुटलेल्या तंतूच्या टोकाला विजेचा झटका दिला, तेव्हा तोच कान फिका आणि गार पडला. म्हणजे तंतू रक्तवाहिनी आवळतो, आणि तो तुटला की ती सैल पडते. ससा गोंधळला असेल, पण शास्त्राला एक स्वच्छ वाक्य मिळाले.

पण तंतू आवळतो म्हणजे काय करतो? तो दोरी नव्हे की त्याने ओढावे. त्याच्यातून विजेसारखा एक संदेश धावत येतो, एवढे ठाऊक होते. तो टोकाशी पोचल्यावर स्नायूला कळतो कसा, हे कोडे पन्नास वर्षे पडून राहिले. १९०४ साली केंब्रिजच्या टी. आर. एलियट ह्या तरुणाने असे सुचवले की, प्रत्येक संदेशाबरोबर टोकातून ॲड्रेनॅलिनसारखे द्रव्य सुटत असावे. वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांनी ती कल्पना फारशी उचलून धरली नाही. पुढे १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे ओटो लोवी ह्यांनी बेडकाच्या दोन हृदयांचा तो प्रसिद्ध प्रयोग केला. एका हृदयाचा तंतू चेतवला, त्याची गती मंदावली. त्याच्या भोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले, तर तेही मंदावले. तंतूचे बोलणे पाण्यातून एका हृदयाकडून दुसऱ्याकडे गेले. ह्या प्रयोगाची युक्ती लोवींना स्वप्नात सुचली होती. पहिल्या रात्री उठून त्यांनी ती कागदावर खरडली आणि सकाळी आपलेच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. १९३६ साली त्यांना आणि हेन्री डेल ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९३८ साली नाझींनी लोवींना अटक करून ते पैसे आपल्या ताब्यातल्या बँकेत वळते करून घेतले, तेव्हा कुठे त्यांना देश सोडू दिला. असो. रक्तवाहिन्यांवरचे जे द्रव्य ते ॲड्रेनॅलिन नसून त्याचा सख्खा भाऊ नॉरॲड्रेनॅलिन होय, हे १९४६ साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर ह्यांनी दाखवले.

आता ह्या टोकाची आकृती डोळ्यांपुढे आणू या, कारण पुढचे सगळे नाट्य तेथेच घडते. १९६२ साली स्वीडनमध्ये फाल्क आणि हिलार्प ह्यांनी अशी एक रीत प्रसिद्ध केली की, ऊतीच्या वाळवलेल्या कापाला फॉर्मॅल्डिहाइडची वाफ दिली की त्यातले नॉरॲड्रेनॅलिन सूक्ष्मदर्शकाखाली हिरवट प्रकाशाने चमकू लागते. रोहिणीचा असा काप पाहिला तर तिच्या स्नायूंच्या बाहेरच्या कडेने चमकत्या मण्यांच्या माळा पसरलेल्या दिसतात. तंतू टोकाशी संपत नाही. तो बारीक होत जातो, आणि ठरावीक अंतराने त्याला गाठी येतात. प्रत्येक गाठीत सूक्ष्म पुटिका असतात आणि त्यांत नॉरॲड्रेनॅलिन भरून ठेवलेले असते. संदेश गाठीपाशी आला की तिच्या कवचातली कॅल्शियमची दारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते, आणि एखादी पुटिका कवचाला चिकटून आपला ऐवज बाहेर ओतते.

‘एखादी’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. हे मणी विलक्षण कंजूष आहेत. एकाच मण्यावर लक्ष ठेवले तर शंभर संदेश येऊन जावेत आणि त्याने एखाद्या वेळी एक पुटिका सोडावी, अशी त्याची चाल असते. असे असंख्य मणी असल्यामुळे एकंदर काम निभावते. शिवाय ओतलेले द्रव्य वाया जाऊ देत नाहीत. अमेरिकेच्या ज्यूलियस ॲक्सेलरॉड ह्यांनी १९६१ च्या सुमारास दाखवले की तंतू ते बरेचसे परत ओढून घेतो आणि पुन्हा साठवतो. घरात तेलाची धार लावणारी आजी आणि भांड्याच्या तोंडाशी ओघळलेला थेंब बोटाने निपटून पुन्हा आत सोडणारी आजी, ह्या दोघी आपल्याला ठाऊक आहेत. हा मणी दुसऱ्या आजीसारखा आहे.

तर मग ही कंजुषी कोण शिकवते? येथे आमच्या विषयाचा गाभा आला.

१९५७ साली लंडन येथे जी. एल. ब्राउन आणि जे. एस. गिलेस्पी ह्यांनी मांजराच्या प्लीहेवर प्रयोग केले. प्लीहा निवडण्याचे कारण असे की, तिच्यात अनुकंपी तंतू भरपूर असतात आणि तिच्यातून येणारे रक्त एका नीलेतून बाहेर पडते. म्हणून तंतू चेतवावा आणि नीलेतल्या रक्तात किती नॉरॲड्रेनॅलिन उतरले ते मोजावे, हे सोयीचे होते. संथ गतीने संदेश पाठवले तर रक्तात द्रव्य फार थोडे सापडे. मग त्यांनी एक औषध दिले. नॉरॲड्रेनॅलिन स्नायूवर ज्या जागी येऊन बसते ती जागा अडवून धरणारे ते औषध. अशा जागेला शास्त्रात ग्राहक म्हणतात. दुकानातल्या गिऱ्हाइकाशी त्याचा संबंध नाही, द्रव्य ग्रहण करतो तो ग्राहक. हे औषध दिल्यावर तंतू पूर्वीच्याच संथ गतीने चेतवला, तर रक्तात उतरणारे नॉरॲड्रेनॅलिन कितीतरी पटींनी वाढले!

ही गोष्ट चमत्कारिक आहे, हे थांबून पाहिले पाहिजे. औषध दिले स्नायूच्या कानात बोळा घालण्यासाठी. स्नायूला ऐकू येईनासे झाले, हे अपेक्षितच. पण बोलणारा एकाएकी मोठ्याने का ओरडू लागला?

ब्राउन आणि गिलेस्पी ह्यांनी सरळ अर्थ लावला: द्रव्य एरवी स्नायूच्या ग्राहकांवर जाऊन बसते आणि तेथेच नाहीसे होते, त्या जागा अडवल्यामुळे ते उरले आणि रक्तात आले. दिसायला हे पटण्यासारखे होते. काही वर्षांनी ॲक्सेलरॉड ह्यांचा शोध आला, तेव्हा दुसरा अर्थ पुढे आला: हे औषध द्रव्य परत ओढण्याचे दारही बंद करीत असावे, म्हणून ते बाहेर राहते. ह्यातही तथ्य होते, कारण त्यातली काही औषधे खरोखरच ते दार बंद करतात. पंधरा वर्षे तज्ज्ञ ह्या दोन अर्थांमध्ये घुटमळत राहिले. एकाच आकड्याला तीन कारणे शोभत असली की माणसे आधी आपल्या ओळखीचे कारण उचलतात. बाजारात होते तेच प्रयोगशाळेतही होते.

तिसरे कारण १९७१ च्या आसपास एकाच वेळी कित्येक देशांतून पुढे आले: ब्युनोस आयर्सला सॉलोमन लँगर, जर्मनीत क्लाउस स्टार्के, शिवाय स्वीडनमध्ये, ऑस्ट्रेलियात आणि न्यूयॉर्कला. न्यूयॉर्कच्या निबंधावर पहिले नाव किर्पेकर असे आहे. आडनाव ऐकून श्रोत्यांना जी ओळख पटायची ती पटो. आम्हांला ते विदेशी नियतकालिकाच्या पानावर पाहून बरे वाटले, एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही. ह्या सर्वांचा युक्तिवाद थोडक्यात असा. द्रव्य परत ओढण्याचे दार मुळीच बंद न करणारे औषध वापरले, तरी सुटणारे द्रव्य वाढते. म्हणजे दुसरा अर्थ गेला. मग हृदयावर प्रयोग केला. हृदयाचा स्नायू नॉरॲड्रेनॅलिनला जे उत्तर देतो ते बीटा नावाच्या ग्राहकांमार्फत, आणि वापरलेले औषध अडवते ते आल्फा नावाचे ग्राहक. म्हणजे स्नायूचे कान मोकळेच होते, त्याच्या धडधडीत फरक पडायचे कारण नव्हते. तरीसुद्धा तंतूतून सुटणारे द्रव्य वाढले. पहिला अर्थही गेला. आणि उलट बाजूने, नॉरॲड्रेनॅलिनसारखे काम करणारे औषध बाहेरून थोडेसे घातले, तर तंतू स्वतःचे द्रव्य सोडायचे कमी करतो असे दिसले.

एकच निष्कर्ष उरला. आल्फा ग्राहक स्नायूवर जसे आहेत, तसे ते खुद्द तंतूच्या मण्यावरही आहेत. मणी जे द्रव्य बाहेर टाकतो तेच द्रव्य परत येऊन त्याच मण्याच्या कवचावर बसते आणि त्याला सांगते, पुरे. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो, आणि तो आवाज जितका मोठा तितका तो खालच्या पट्टीत उतरतो. औषधाने हे कानही बंद केले की तो बहिऱ्या माणसासारखा ओरडू लागतो. मांजराच्या प्लीहेत १९५७ साली दिसला तो हाच आरडाओरडा.

१९७४ साली लँगर ह्यांनी ह्या दोन जागांना वेगळी नावे सुचवली: स्नायूवरचा तो आल्फा-१, तंतूवरचा तो आल्फा-२. पुढे असे आढळले की आल्फा-२ कित्येक रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवरही असतो, तेव्हा नावांची वाटणी जागेप्रमाणे न राहता गुणधर्माप्रमाणे झाली. श्रोत्यांनी आपल्या सोयीसाठी पहिली वाटणी मनात धरली तरी आजच्यापुरते चालेल.

हा लगाम बसतो कसा तेही आता चांगले कळलेले आहे. आल्फा-२ वर द्रव्य बसले की आतल्या बाजूला एक प्रथिन सुटे होते आणि ते कॅल्शियमच्या दारांना ओढून धरते. पुढचा संदेश येतो, पण दार किलकिलेच उघडते; कॅल्शियम कमी शिरते आणि पुटिका सुटण्याची शक्यता घटते. पहिल्या संदेशाला हा लगाम लागत नाही, कारण तोवर ऐकायला काही नसतेच. संदेशांची रांग लागली म्हणजे तो जाणवतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांकडे सेकंदाला एखाददुसरा संदेश जात असतो आणि सेकंदाला आठ-दहा झाले की रोहिणी जवळजवळ पूर्ण आवळली जाते. इतक्या अरुंद पट्ट्यात सारे नियमन बसवायचे, तर हात हलकाच हवा. सभागृहातला ध्वनिक्षेपक मध्येच शिट्टी वाजवतो, त्याचे कारण त्याचा आवाज त्याच्याच कानात जाऊन वाढत राहतो. मण्याच्या बाबतीत नेमके उलटे आहे. आवाज कानात गेला की घटतो, म्हणून शिट्टी वाजत नाही.

मणी केवळ स्वतःचेच ऐकतो असेही नाही. शेजाऱ्यांचेही त्याच्या कानावर पडते. व्यायाम करताना मांडीचे स्नायू झपाट्याने काम करू लागले की तेथे ॲडेनोसिनसारखी द्रव्ये साठतात आणि ती मण्याला दबकत बोलायला लावतात. म्हणून सबंध शरीरात आवळण्याचा हुकूम सुटलेला असताना ज्या पायांना रक्त हवे त्यांच्यापुरता तो सौम्य होतो. उलट अँजिओटेन्सिन नावाचे द्रव्य, जे मूत्रपिंडाच्या चेतावणीने रक्तात तयार होते, ते मण्याला जोराने बोलायला लावते. सूक्ष्म पुटिकांत नॉरॲड्रेनॅलिनच्या जोडीला आणखीही द्रव्ये असतात आणि तीही स्नायूशी बोलतात. त्या पसाऱ्यात आज शिरत नाही.

आता औषधांकडे वळू, कारण ह्या कानांचे महत्त्व तेथे उघड होते.

आपल्याकडची सर्पगंधा सर्वांना ऐकून माहीत आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या रुग्णांवरील ह्या वनस्पतीच्या उपयोगाचा निबंध इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते काय करते? पुटिकांत नॉरॲड्रेनॅलिन भरण्याचे कामच बंद पाडते. कोठार रिकामे झाले की संदेश कितीही येवोत, ओतायला काही नसते. रक्तदाब उतरतो खरा, पण मेंदूतली कोठारेही रिकामी होतात, आणि मोठ्या मात्रेने काही रुग्णांना खोल उदासीनता येते असे दिसून आले. बोलणाऱ्याचा गळाच दाबण्याचा हा उपाय. पहिला म्हणून त्याचा मान मोठा, परंतु खडबडीत.

दुसरा उपाय म्हणजे स्नायूचे कान बंद करणे. आल्फा ग्राहक अडवणारी जुनी औषधे, फेंटोलामिनसारखी, रक्तदाबावर चालावीत अशी फार आशा होती. ती फसली. रक्तवाहिन्या सैल पडत, पण छाती धडधडू लागे. पूर्वी ह्याचा सगळा दोष रक्तदाब उतरल्यावर शरीराने केलेल्या प्रतिकाराला देत. तो प्रतिकार आहेच. त्यात भर अशी की, ही औषधे मण्यावरचे आल्फा-२ हे कानही बंद करीत. मणी ओरडू लागे, आणि हृदयावरचे बीटा ग्राहक मोकळे असल्यामुळे तो आरडाओरडा सगळा हृदयाला ऐकू जाई. १९७० च्या दशकात प्राझोसिन नावाचे औषध आले. ते रक्तवाहिनी सैल करी, पण छातीची धडधड पूर्वीच्या औषधांइतकी वाढवीत नसे. ह्याचे गमक पुढे कळले: ते आल्फा-१ अडवते आणि आल्फा-२ ला हात लावीत नाही. स्नायू बहिरा झाला तरी बोलणाऱ्याचे कान शाबूत, म्हणून तो आपला आवाज आवरून धरतो.

तिसरा उपाय मोठ्या गमतीने हाती लागला. १९६२ साली जर्मनीतील एका औषध-कारखान्यात सर्दीवर नाकात घालायचे थेंब म्हणून क्लोनिडिन हे द्रव्य तपासले जात होते. नाकातल्या रक्तवाहिन्या आवळल्या की चोंदलेले नाक मोकळे होते, हा हेतू. तेथल्या डॉक्टरांच्या चिटणीस बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी थेंब घातले आणि त्या सुमारे चोवीस तास झोपून राहिल्या. तपासले तो नाडी मंद आणि रक्तदाब उतरलेला. सर्दीचे औषध रक्तदाबाचे ठरले. आज आपण सांगू शकतो की क्लोनिडिन आल्फा-२ ग्राहकांवर बसून, मुख्यतः मेंदूत आणि काही अंशी टोकाच्या मण्यांवर, ‘पुरे’ असा खोटा निरोप देत राहते. पण खोट्या निरोपाची किंमत असते. अशी गोळी महिनोन् महिने घेणारा रुग्ण ‘आता बरे वाटते’ म्हणून ती एके दिवशी एकदम सोडतो, तेव्हा इतके दिवस दाबून ठेवलेले मज्जातंतू भरलेल्या कोठारांनिशी मोकळे सुटतात, आणि दिवसा-दोन दिवसांत रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर उसळू शकतो. डॉक्टर गोळी हळूहळू कमी करायला सांगतात, त्यामागचे कारण हे आहे. औषध महाग झाले, गावाला जाताना डबी घरी राहिली, उपवास होता, अशा कारणांनी ती तुटता कामा नये.

लगाम मुळातच नसला तर काय होते, हेही पाहून झालेले आहे. १९९९ साली हाइन, आल्टमन आणि कोबिल्का ह्यांनी असे उंदीर अभ्यासले की ज्यांच्यात तंतूवरच्या आल्फा-२ चे दोन्ही प्रमुख प्रकार नव्हते. त्यांच्या रक्तात नॉरॲड्रेनॅलिन सदोदित वाढलेले राहिले, आणि अवघ्या चार महिन्यांच्या वयात त्यांची हृदये जाड होऊन दुबळी पडू लागली. बाहेरून कोणी काही केले नव्हते. नुसते स्वतःचे बोलणे ऐकू येत नव्हते.

आता विंचू. कोकणपट्टीतला लाल विंचू आकाराने लहान, पण त्याच्या विषाला तोड नाही. पावसाच्या तोंडाशी भाताच्या पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात, घरातल्या चपलेत तो असायचा. विंचू उतरवणारे गावोगाव होते, आणि पुष्कळदा त्यांना यशही येई, कारण दंश झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना ठणक्यापलीकडे काही होत नाही. पण ज्या मुलाला उलट्या सुरू झाल्या, दरदरून घाम फुटला आणि हातपाय बर्फासारखे गार पडले, ते मूल काही तासांनी तोंडातून गुलाबी फेस येऊन गुदमरून जाई.

रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्कर हे नोकरीला होते. त्यांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्री बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब ह्यांची टिपणे ठेवली. उलटी, घाम, गार हातपाय ही हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात मांडले. गावच्या केंद्रात घेतलेली ती टिपणे लंडनला छापली गेली.

आपण आतापर्यंत जे पाहिले त्यावरून ही लक्षणे वाचता येतात. विंचवाचे विष मज्जातंतूच्या कवचातली सोडियमची दारे मिटू देत नाही. एका संदेशामागे संदेशांचा लोंढा सुटतो, आणि असंख्य मणी एकाच वेळी आपली कोठारे ओतू लागतात. आल्फा-२ चा लगाम असतो, पण एवढ्या लोंढ्यापुढे तो पुरा पडत नाही. घाम फुटतो, कातडीच्या रोहिण्या घट्ट आवळल्यामुळे हातपाय गार पडतात, आणि सगळीकडच्या रोहिण्या आवळलेल्या असताना हृदयाला बंद दारावर धडका देत रक्त ढकलावे लागते. शेवटी ते मागे तुंबते, फुप्फुसात पाणी उतरते, आणि फेस येतो. मूल विषाने मरते हे खरे. पण मारणारे द्रव्य त्याचे स्वतःचे असते.

म्हणून डॉ. बावस्कर ह्यांनी, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी ह्यांनी, आवळलेल्या रोहिण्याच सोडवण्याचा मार्ग धरला, आणि त्यासाठी प्राझोसिनची साधी, तोंडाने द्यायची गोळी वापरली. १९८६ साली त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. निवड किती अचूक होती हे आता आपल्या लक्षात येईल. जुने फेंटोलामिन दिले असते तर रोहिण्या सैल पडल्या असत्या, पण आधीच ओरडणाऱ्या मण्यांचे उरलेसुरले कानही बंद झाले असते, आणि थकलेल्या हृदयावर आणखी मारा झाला असता. प्राझोसिन स्नायूला बहिरे करते आणि मण्याचा लगाम जागेवर ठेवते. पूर्वी पश्चिम महाराष्ट्रात फुप्फुसात पाणी उतरलेल्या विंचूदंशाच्या शंभर रुग्णांपैकी पंचवीस-तीस दगावत असल्याच्या नोंदी आहेत. ह्या गोळीनंतर दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण शंभरात एकाच्या घरात आले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

विंचवाच्या विषावरची लस त्यांनी टाकाऊ ठरवली असे मात्र कोणी समजू नये. २०११ साली त्यांनी इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात सत्तर रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. पस्तीस जणांना नुसते प्राझोसिन दिले, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि लस दोन्ही. दहा तासांनंतर दोन्ही दिलेल्यांपैकी बत्तीस जण पूर्ण बरे झाले होते, नुसत्या गोळीवाल्यांपैकी आठ. बाकीच्यांना थोडा अधिक वेळ लागला. लस रक्तात हिंडणारे विष टिपते, म्हणजे मण्यांना चिथावणारा दूर करते. पण जे नॉरॲड्रेनॅलिन ओतले गेले ते तिला परत घेता येत नाही, आणि आवळलेली रोहिणी सोडवता येत नाही. ते काम गोळीचे. म्हणून लस येईपर्यंत थांबायचे नसते. मूल गार पडू लागले आहे असे दिसले की जवळच्या आरोग्य केंद्रात न्यायचे, आणि तेथे पहिली गोळी ताबडतोब पोटात जायची.